नाव त्यांच्याकडे, गाव आमच्याकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घराण्याचा इतिहास कसा शोधावा यावर मध्यंतरी एक लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्यातली दोन वाक्यं वाचून मी चष्मा काढून बाजूला ठेवला. एक म्हणजे, परदेशात म्हणे नुसतं नाव टाकलं की सात पिढ्या बाहेर पडतात. दुसरं म्हणजे, ते लोक कागद जपतात आणि आपण रद्दीत घालतो. आपल्याबद्दलचं जे म्हटलंय ते खरं आहे. मी स्वतः रद्दीवाल्याच्या तराजूतून कागद ओढून काढलेत आणि त्याच्या शिव्याही खाल्ल्यात. बाकीचं मात्र बरोबर नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. परदेशातल्या एका कुटुंबाचा माग काढण्यात मी चार महिने घातलेत, तेही नातवाला मांडीवर घेऊन. पत्र लांबणार आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त शेवटचा मोडीचा भाग तेवढा ठेवा.

मी दाभोळची. एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर मोडी शिकले, कारण घरचे कागद वाचता येईनात आणि वाचून देणारे एकेक करून गेले. आता पंचक्रोशीतले लोक जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं घेऊन येतात, मी वाचून देते. पैसे घेत नाही. आंबे घेते.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले होते. मिलवॉकी हे गाव विस्कॉन्सिन राज्यात आहे. जानेवारी महिना, दाराबाहेर गुडघाभर बर्फ, आत मी डिंकाचे लाडू वळतेय. जावई तिथलाच, त्याचं घराणं मूळचं जर्मन. त्या भागात जर्मन इतके की एके काळी त्या गावात जर्मन भाषेतली वर्तमानपत्रं निघत. विहीणबाई रोज दुपारी नातवाला बघायला यायच्या. माझं इंग्रजी बेताचं, त्यांचं घाईचं. दोन-चार दिवसांत बाळाविषयी बोलायचं तेवढं बोलून झालं. मग एक दिवस त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

डब्यात एक जाडजूड बायबल होतं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहिलेले. एक फोटो, त्यात दाढीवाला आजोबा खुर्चीत आणि बाई मागे उभी. आणि त्या आजोबांच्या मृत्यूची बातमी आलेलं जर्मन वर्तमानपत्राचं कात्रण, चहासारखं पिवळं पडलेलं. विहीणबाई म्हणाल्या, आमचं आडनाव कुक, पण ते मूळचं कोख, म्हणजे आचारी. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची नोंद व्हायची, तिथल्या कारकुनाने ते बदललं. आणि आम्ही हॅम्बुर्गचे.

मी म्हटलं, हॅम्बुर्ग तर बंदर ना?

त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पण कोकणातल्या माणसाला तो आधी पडतो. आमच्या लहानपणी मुंबईची आगबोट दाभोळला थांबायची. आतल्या खेड्यापाड्यांतली माणसं वळकट्या डोक्यावर घेऊन रात्रीच येऊन बसायची आणि सकाळी पडावातून बोटीवर चढायची. मुंबईत कुणी विचारलं कुठून आलास, तर सांगायची, दाभोळहून. दोन पिढ्यांनंतर त्यांचे नातू म्हणतात, आम्ही दाभोळचे. दाभोळात त्यांचं एक झाड नाही. विहीणबाईंचं हॅम्बुर्ग हे असंच दाभोळ असणार, असं मी पैजेवर सांगितलं.

एलिस बेटाची गोष्ट तर पहिल्याच दिवशी निकालात निघाली. ते केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला, आणि बायबलात घरातलं अमेरिकेतलं पहिलं लग्न १८६८ चं. त्या काळी न्यूयॉर्कला उतरणारे लोक कॅसल गार्डन नावाच्या ठिकाणी उतरत, ते १८५५ ते १८९० या काळात चाललं. शिवाय नावं बदलणारा खडूस कारकून ही तिथल्या घराघरांत सांगितली जाणारी कहाणी आहे. उतरवून घेणारे अधिकारी नवीन यादी करत नसत. बोट निघाली तिथे जी यादी झाली, ती समोर ठेवून नावांपुढे खुणा करत. अमेरिकेने १८१९ साली कायदाच केला होता की येणाऱ्या प्रत्येक बोटीच्या कप्तानाने उतारूंची यादी जकात अधिकाऱ्याकडे द्यायची. १८२० पासूनच्या त्या याद्या बऱ्याचशा शिल्लक आहेत. पण गाव शोधणाऱ्याच्या त्या फारशा कामाच्या नाहीत. नाव, वय, धंदा, आणि देश. जर्मनी. झालं. रत्नागिरीत हरवलेल्या माणसाचा पत्ता ‘भारत’ असा मिळावा तसं.

गाव असतं ते निघण्याच्या यादीत, आणि हॅम्बुर्गच्या याद्या शिल्लक राहिल्यात. १८५० ते १९३४, मध्ये पहिल्या महायुद्धाची वर्षं सोडून. सुमारे पन्नास लाख नावं. त्यांत नाव, वय, धंदा आणि मागचं राहण्याचं ठिकाण. तिथल्या सरकारी अभिलेखागारात त्या मूळ स्वरूपात आहेत. मॉर्मन पंथाच्या लोकांनी त्यांच्या मायक्रोफिल्म करून ठेवल्या, आणि आता त्या घरबसल्या पडद्यावर बघता येतात, काही ठिकाणी पैसे भरून.

आता लेखकाच्या दुसऱ्या वाक्याकडे येते, ते लोक कागद जपतात या. हॅम्बुर्गच्या शेजारचंच दुसरं मोठं बंदर ब्रेमेन. तिथून गेलेले लोकही लाखोंनी. ब्रेमेनने तर १८३२ सालीच नियम केला होता की उतारूंना नेणाऱ्या प्रत्येक जहाजाने ९० दिवस पुरेल एवढा शिधा बरोबर घ्यायचा आणि उतारूंची यादी द्यायची. म्हणजे यादी करण्यात ब्रेमेन हॅम्बुर्गच्या पुढे. पण जागा पुरेना म्हणून जुन्या याद्या त्यांनी आपल्याच हातांनी नष्ट केल्या, आणि उरलेल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेल्या. वाचल्या त्या १९२० ते १९३९ च्या काळातल्या. युद्धात त्या मिठाच्या खाणीत दडवल्या होत्या, तिथून मॉस्कोला पोचल्या, आणि कित्येक वर्षांनी परत आल्या. तेव्हा ‘ते लोक’ म्हणजे कोण? हॅम्बुर्गवाले की ब्रेमेनवाले? विहीणबाईंचे पूर्वज ब्रेमेनहून गेले असते तर आमचा शोध दुसऱ्या दिवशीच संपला असता.

आणि ‘नुसतं नाव टाकलं की’. नाव टाकलं. कोख. हे आडनाव तिथे आपल्या पाटील-जाधवांसारखं, पैशाला पासरी. वर्षही नक्की नव्हतं. अमेरिकेच्या शिरगणतीत १९०० साली आणि १९१० साली विचारलं होतं की तुम्ही या देशात कधी आलात. आजोबांनी एकदा १८६७ सांगितलंय आणि एकदा १८७०. (१८९० ची शिरगणती असती तर तीही पाहिली असती. ती जवळजवळ सगळी १९२१ च्या आगीत खराब होऊन गेली. कागद जपणारे लोक!) आम्ही १८६७ ते १८७० ही सगळी वर्षं धरून हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला गेलेल्या बोटी बघितल्या. वय जुळणारे कोख निघाले सात. सातही दुसरेच कुणी.

तीन आठवडे असेच गेले. बाळ मान धरायला लागलं.

मग माझ्या लेकीच्या लक्षात आलं की हॅम्बुर्गच्या याद्या दोन प्रकारच्या आहेत. थेट जाणाऱ्यांच्या वेगळ्या आणि आडवाटेने जाणाऱ्यांच्या वेगळ्या वह्या. आडवाट म्हणजे हॅम्बुर्गहून लहान बोटीने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल बंदराला, तिथून आगगाडीने देश ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर लिव्हरपूलला, आणि तिथून मोठी बोट. हा प्रवास खटाटोपाचा, पण बहुधा स्वस्त. गरीब माणूस खटाटोपाला भीत नाही. आणि या यादीत बोटीचं जे नाव असतं ते हलला जाणाऱ्या लहान बोटीचं. न्यूयॉर्कला पोचलेल्या बोटीशी ते जुळवायला बसलात तर जन्मात जुळणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर आम्ही पडावाचं नाव आगबोटीवर शोधत होतो.

आडवाटेच्या वहीतही कोख सापडेना. शेवटी मी म्हटलं, ही नावांची सूची बाजूला ठेवा, आपण पानंच वाचूया. विहीणबाई हसल्या. त्यांना जर्मन येत नाही, मला तर त्याहून येत नाही. पण मला वळणदार, किचकट अक्षर बघण्याची सवय आहे, आणि ते जुनं जर्मन अक्षर म्हणजे मोडीचं मावसभावंड. कुर्रेंट म्हणतात त्याला. आजचा शिकलेला जर्मनही ते सहजी वाचू शकत नाही, जसा आपला एमए झालेला मुलगा मोडी वाचू शकत नाही. त्यातला ‘ई’ हुबेहूब ‘एन’सारखा. ‘यू’ आणि ‘एन’ सारखेच, म्हणून ‘यू’च्या डोक्यावर एक लहानशी वाटी काढतात, आणि घाईतला कारकून ती वाटी पुढच्या अक्षरावर टाकून मोकळा होतो. मोडीत आपण आधी पानभर रेघा ओढतो आणि मग अक्षरं टांगत जातो, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. त्यामानाने जर्मन कारकून दयाळू. निदान रकाने पाडलेत.

कुठलंही अनोळखी हस्ताक्षर वाचायची माझी एकच पद्धत आहे. जो शब्द काय असणार हे आधीच ठाऊक आहे तो पानावर शोधायचा आणि त्याची अक्षरं पाठ करायची. मोडीत ‘श्री’ आणि ‘शके’ हाताशी असतात. इथे धंद्याच्या रकान्यात पुन्हा पुन्हा येणारे दोन शब्द होते, ‘आर्बायटर’ म्हणजे मजूर आणि ‘क्नेख्ट’ म्हणजे शेतावरचा गडी. गड्याचा पहिला ‘के’ मी कागदावर पन्नासदा गिरवला. एप्रिल १८६८ च्या पानांवर दहाव्या-बाराव्या दिवशी तोच ‘के’ मला आडनावाच्या रकान्यात दिसला. सूची करणाराने तो ‘आर’ वाचला होता. ही दोन्ही अक्षरं त्या लिपीत जुळी भावंडं. कोखचा रोख झाला होता! हा विनोद विहीणबाईंना समजावून सांगण्यात माझी दहा मिनिटं गेली आणि तरी त्या हसल्या त्या केवळ माझं मन राखायला.

ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे आत्ताही आहे. कोख, वय २६, गडी. मागचं ठिकाण नॉयहोफ, मेक्लेनबुर्ग. पुढे न्यूयॉर्क. आणि त्याच्या खालच्या ओळीत, ठिकाणाच्या जागी वरच्यासारखंच अशी खूण करून, वेगळ्या आडनावाची एक बाई, वय २२. तिच्या खाली तिच्याच आडनावाचं मूल, वय ७ महिने.

विहीणबाई बराच वेळ गप्प. मग त्यांनी बायबल उघडलं. थोरल्या मुलाच्या जन्माचं वर्ष तिथे १८६९ लिहिलंय, लग्नानंतर रीतसर एक वर्षाने. कागद उजेडासमोर धरला तेव्हा दिसलं, नऊच्या जागी कागद पातळ झालाय. कुणीतरी पात्याने जुना आकडा खरवडून काढलाय. दीडशे वर्षं ते पान घरात होतं, नाताळला उघडलं जात होतं, आणि कुणी उजेडासमोर धरलं नव्हतं.

त्या जरा शरमल्या असाव्यात. मी सांगितलं, यात शरम कसली. त्या भागाची हकिगत मला तोवर वाचून थोडीफार कळली होती. मेक्लेनबुर्ग म्हणजे मोठ्या जमीनदारांचा मुलूख. भूदास्य कागदावर १८२० मध्ये सुटलं, पण गड्याला गावात राहण्याचा हक्क मालक देईल तरच, आणि तो हक्क नाही तर लग्न नाही. मालकाला आणखी एक खोपटं आणि पुढेमागे आणखी एक गरीब कुटुंब पोसायचं नसायचं, म्हणून तो नाही म्हणायचा. पोरं व्हायची, लग्नं व्हायची नाहीत. तिथल्या लोकांनी एवढ्या संख्येने गाव सोडलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. मला आपली खोती आठवली. खोताच्या परवानगीशिवाय कुळाच्या घरात काय काय अडायचं ते आमच्या आजीच्या तोंडून ऐकलंय, आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. हे दोघं एप्रिलमध्ये निघाले आणि त्याच सालच्या मे महिन्यात उत्तर जर्मन संघाने लग्नावरची ती बंधनं कायद्याने काढून टाकली. महिनाभर थांबले असते तर माझा जावई आज जर्मनीत असता आणि माझ्या लेकीचं काय झालं असतं कोण जाणे.

आडनावाचा उलगडाही झाला. आडवाट कळल्यावर आम्ही लिव्हरपूलहून आलेल्या बोटी पाहिल्या, तर न्यूयॉर्कच्या यादीत हे तिघे आहेत, आणि तिथेच ‘कुक’ लिहिलंय. ती यादी लिव्हरपूलला बनली. इंग्रज कारकुनाने ‘कोख’ ऐकलं आणि त्याला समजलं ते लिहिलं, असा आमचा तर्क. नाव बदललंच असेल तर ते अमेरिका डोळ्यांना दिसण्याआधी. आजोबांच्या थडग्यावर मात्र कोखच आहे. कुक लावलं ते मुलांनी.

आता गाव मिळालं म्हणून हुरळून जायची सोय नव्हती. नॉयहोफ म्हणजे ‘नवा वाडा’. आपल्याकडे वरची वाडी, मधली वाडी असते तसं हे नाव. मायरचा म्हणून १९१२ चा एक गावकोश आहे, त्यात बघितलं तर नॉयहोफ रांगेने उभे, एकट्या मेक्लेनबुर्गातच कितीतरी. इथे आम्हाला तारलं त्या बाईने. मेक्लेनबुर्ग-श्वेरिनमध्ये डिसेंबर १८६७ ला घरोघरची शिरगणती झाली होती आणि ती शिल्लक आहे. कोख शेकड्यांनी होते, पण तिचं आडनाव विरळा. ती एका नॉयहोफमध्ये सापडली, आईवडिलांच्या घरात, तान्ह्या मुलासह. त्याच वस्तीत गड्यांच्या घरात एक कोख. आजवर कुटुंबात कुणी तिचं माहेरचं नावसुद्धा घेत नव्हतं. तिच्यामुळे गाव मिळालं.

विहीणबाई यंदा तिकडे जाऊन आल्या. फोटो पाठवलेत. शेत, एक तळं, विटांचं चर्च. घरांवर आमच्यासारखीच लाल कौलं. आमची मंगलोरी कौलंही शेवटी बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनीच १८६५ मध्ये मंगळूरला पाडायला सुरुवात केली, हे मी त्यांना मुद्दाम कळवलं.

संपादक महाशय, एवढं सगळं दुसऱ्यांच्या पूर्वजांचं का सांगितलं, तर त्या डब्यामुळे मला आमचा माणूस आठवला.

आमच्या आजीच्या बोलण्यात साखर नसायची, ‘मोरस’ असायची. पांढरी स्वच्छ साखर मॉरिशसहून यायची म्हणून मोरस साखर. सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्त वाढलं जाई. कुणाचं म्हणून विचारलं तर आजी सांगायची, मोरसवाल्याचं. खापरपणजोबांचा भाऊ. मोरसला उसाच्या कामावर गेला, तो गेलाच. तिथीच ठाऊक नाही तर श्राद्ध कधी घालणार, म्हणून सर्वपित्री. त्याचं नाव आजीला माहीत नव्हतं. तिच्या सासूलाही नसावं.

विहीणबाईंकडे नाव होतं, गाव नव्हतं. आमच्याकडे गाव आहे, घर आहे, तो ज्या फणसाखालून गेला म्हणतात तो फणस परवापरवापर्यंत होता, पण नाव नाही. आणि नावाशिवाय कुठलीच यादी उघडत नाही.

यादी आहे, हे लक्षात घ्या. मॉरिशसला १८३४ पासून पुढे करारावर साडेचार लाखांवर भारतीय मजूर नेले गेले. बरेचसे कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबईहूनही गेले आणि त्यांत रत्नागिरीचे पुष्कळ. तिथे आज जे मराठी समाज म्हणून राहतात ते यांचेच वंशज, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. उतरलेल्या माणसाला नंबर मिळायचा, आणि वहीत लिहिलं जायचं ते जर्मन यादीपेक्षा कितीतरी जास्त. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, बोट. पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा आहेत. हे दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेलं आहे. फक्त शोधताना रत्नागिरीला ‘रुटनागेरी’ आणि दाभोळला ‘दाबुल’ म्हणायची तयारी ठेवावी लागते, कारण लिहिणारा साहेब होता. लिव्हरपूलच्या कारकुनाचाच चुलतभाऊ.

उलट मुंबई-कोकण आगबोटीचं बघा. आम्ही डेकच्या तिकिटावर किती वेळा गेलो, तिकिटावर नाव कुणी कधी लिहिलं नाही. १७ जुलै १९४७ ला गटारीच्या दिवशी रामदास बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली म्हणतात, पण आकडा आजही प्रत्येकजण वेगळा सांगतो. करारावरच्या मजुराची उंची इंचात लिहिली, कारण तो माल होता आणि मालाची पावती लागते. घरी सणाला निघालेल्या माणसाची पावती कुणाला हवी होती?

अमेरिकेहून परत आल्यावर मी चिपळूणला भावाकडे गेले. आमच्या घरची जुनी ट्रंक त्याच्याकडे आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याचं खालचं घर पूर्ण पाण्यात होतं. फर्निचर गेलं, मुलांची सर्टिफिकिटं गेली, बँकेचे कागद गेले. ट्रंक राहिली, कारण वहिनीला तिची अडचण होत होती आणि तिने ती माळ्यावर ढकलली होती. वहिनीचे मी आजवर फारसे आभार मानलेले नाहीत, ते इथे मानते.

ट्रंकेत एक वाटणीपत्र निघालं. मोडीत, शके १७९१ चं, म्हणजे इसवी सन १८६९. विहीणबाईंच्या आजोबांनी बोट धरली त्याच्या पुढचंच वर्ष. जमीन कुणाला किती, आंबे किती, विहिरीचं पाणी कुणी कोणत्या दिवशी घ्यायचं, हे सगळं झाल्यावर शेवटून चौथ्या ओळीत लिहिलंय की एक भाऊ मोरस बेटास गेला आहे, त्याचा ठिकाणा नाही, परत आल्यास त्याने आपला वाटा मागावा. त्याच्या वाटणीला खालच्या अंगाचा एक वरकस तुकडा आणि दोन माड राखून ठेवलेत. ते माड पुढे कुणी खाल्ले ते मी सांगत नाही, त्या घरातले लोक आपला पेपर वाचतात.

आणि नाव आहे. तीन अक्षरांचं. पहिलं स्पष्ट, तिसरं स्पष्ट, मधल्यावर वाळवीने भोक पाडलंय. कागद काचेवर धरून, पाठून बॅटरी लावून, मोबाइलवर मोठा करून सगळं करून पाहिलं. भोकाच्या कडेला एक उतरती वेलांटी दिसते, त्यावरून दोनच नावं संभवतात. बापाचं नाव मात्र पूर्ण आहे. आणि मोरसच्या वहीत बापाचं नाव असतं.

म्हणून आपल्या वाचकांना विनंती एवढीच. घरी मोडी कागद असतील तर शेवटच्या ओळी वाचून घ्या. वाटणीपत्रात, खरेदीखतात, गहाणखतात कुठे मोरस, बेट, परमुलूख, ठिकाणा नाही असे शब्द येतात का बघा. लोक फक्त सर्व्हे नंबर बघतात आणि कागद मिटतात. लॅमिनेशन मात्र करू नका, एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला कागद परत सुटा होत नाही. आमच्या दाभोळात मोहल्ल्यात घरटी एकजण बोटीवर होता. शेजारच्या खालांनी त्यांच्या वडिलांची नल्ली मला दाखवली, खलाशाचं ते छोटं पुस्तक. बोटींची नावं, चढल्या-उतरल्याच्या तारखा, उंची, हातावरचं गोंदण. त्या ती पुस्तिका औषधाच्या पिशवीत ठेवतात, कारण तीच पिशवी रोज सापडते. मी तिचे फोटो काढून त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर टाकून दिले. अशा नल्ल्या बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती घरांत असतील. कुणाला मोडी वाचून हवं असेल तर दाभोळला यावं. फेरीबोटीच्या धक्क्यावर ‘मोडीवाल्या बाई’ म्हणून विचारलं तरी पुरतं. मूळ कागद आणा, झेरॉक्स नको. वाळवीचं भोक आणि शाईचा ठिपका झेरॉक्समध्ये एकसारखेच दिसतात.

माझा मोक्याला पाठवायचा अर्ज तयार आहे. लेकीने इंग्रजी तपासून दिलंय, याच आठवड्यात टाकते. नावाच्या रकान्यात मी दोन्ही नावं लिहिली आहेत, मध्ये ‘किंवा’ घालून.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दाभोळ, ता. दापोली
(नाव छापू नये. गावात कळायचं त्यांना कळेलच.)